पॅसिव्हेटरनंतरचा हायड्रोजन

ट्रान्सफॉर्मरच्या तेलात तांब्याला गंधकापासून वाचवण्यासाठी जे रसायन अगदी थोडे मिसळतात त्याला मेटल पॅसिव्हेटर म्हणतात. ते मिसळल्यानंतर काही तेलांमध्ये हायड्रोजन वाढतो, त्याच्यासोबत कार्बन मोनॉक्साइड आणि कार्बन डायऑक्साइडही वाढतात. ट्रान्सफॉर्मरमध्ये काहीही बिघडलेले नसताना हे घडते. एरवी तेलातल्या याच वायूंवरून आतला बिघाड ओळखतात. त्यामुळे पॅसिव्हेटर टाकल्यानंतरचा पहिला अहवाल हातात पडला की देखभाल विभागात धावपळ सुरू होते, आणि पुष्कळदा ती विनाकारण असते.

तेलातले वायू मोजण्याच्या तपासणीला सगळे डीजीए म्हणतात. तेल किंवा वाइंडिंगवरचा इन्सुलेशनचा कागद तापला, किंवा आत ठिणग्या पडल्या, की हायड्रोकार्बनचे रेणू तुटतात आणि हायड्रोजन, मिथेन, इथेन, इथिलीन, ॲसिटिलीन हे वायू तेलात विरघळून राहतात. कागद जळू लागला तर कार्बनचे दोन्ही ऑक्साइड वाढतात. कोणता वायू किती आणि कशाच्या जोडीने आला यावरून दोषाचे स्वरूप कळते. आयईसी ६०५९९ या मानकात पॉवर ट्रान्सफॉर्मरसाठी सर्वसाधारण पातळ्या दिल्या आहेत. हायड्रोजन ५० ते १५०, मिथेन ३० ते १३० आणि ॲसिटिलीन २ ते २० पीपीएम इथपर्यंत असला तर तो चालत्या ट्रान्सफॉर्मरमध्ये नेहमी दिसणारा मानतात. भारतात हेच काम आयएस १०५९३ करते. मात्र ही सगळी पद्धत एक गोष्ट गृहीत धरते: तेल स्वतःहून, थंडपणे, कोणतेही कारण नसताना वायू सोडत नाही. पॅसिव्हेटर नेमके हेच गृहीतक मोडतो.

पॅसिव्हेटरची गरज ज्या दोषामुळे पडली त्याची गोष्ट याच्या बरोबर उलट आहे. २००० सालानंतरच्या काही वर्षांत ब्राझीलसह अनेक देशांत मोठे शंट रिॲक्टर आणि ट्रान्सफॉर्मर अवचित निकामी झाले. ते उघडल्यावर वाइंडिंगच्या आतल्या थरांतील कागदावर करडा-काळा, धातूसारखा चकचकीत लेप सापडला. तो कॉपर सल्फाइडचा होता. तेलातल्या डायबेंझिल डायसल्फाइड, म्हणजे डीबीडीएस, या गंधकयुक्त संयुगाची तापलेल्या तांब्याशी अभिक्रिया होऊन तो तयार झाला होता. कॉपर सल्फाइड वीज वाहून नेते. कागदाच्या एकेका थरात ते झिरपत गेले की शेजारच्या दोन वेढ्यांमधले इन्सुलेशन आतून पोखरले जाते आणि एक दिवस वेढे एकमेकांना भिडतात. या सगळ्या काळात डीजीए गप्प असते. लेप साचताना सांगण्यासारखा वायू निघतच नाही, म्हणून निकामी झालेल्या कित्येक यंत्रांचे आधीचे अहवाल स्वच्छ होते. दोष वायू देत नाही आणि त्यावरचा उपाय देतो, अशी ही उलटी परिस्थिती आहे. ती लक्षात ठेवली नाही तर पुढच्या अहवालांचा अर्थ लागत नाही.

आणखी एक विचित्र गोष्ट अशी की ही तेले त्या वेळच्या चाचण्यांत उत्तीर्ण झाली होती. तांब्याची उघडी पट्टी तेलात ठेवून ती काळी पडते का हे पाहण्याची जुनी पद्धत १४० अंश सेल्सिअसला १९ तासांची होती. डीबीडीएस तिला सापडत नव्हते. मग एएसटीएमने डी १२७५ ची ‘बी’ पद्धत आणली, १५० अंशांना ४८ तासांची. आयईसी ६२५३५ मध्ये तांब्याभोवती कागद गुंडाळून १५० अंशांना ७२ तास ठेवतात आणि तांब्याबरोबर कागदही तपासतात. कारण यंत्राला धोका असतो तो कागदावर बसलेल्या सल्फाइडचा.

उपाय म्हणून तीन रस्ते होते. तेल बदलणे, तेलातले डीबीडीएस रासायनिक प्रक्रियेने काढणे, किंवा पॅसिव्हेटर टाकणे. पहिले दोन खर्चिक. तेल बदलले तरी कागदात मुरलेले जुने तेल नव्यात उतरते आणि डीबीडीएसचा काही अंश परत येतोच. पॅसिव्हेटर स्वस्त, आणि तो मिसळायला फारसा वेळ लागत नाही. साहजिकच जगभर हाच उपाय सर्वांत जास्त वापरला गेला.

यातला सर्वांत प्रचलित पदार्थ म्हणजे इर्गामेट ३९, टोलुट्रायझोलपासून बनवलेला एक द्रव. त्याचा मूळ नातेवाईक बेंझोट्रायझोल. संग्रहालयांत काशाच्या जुन्या मूर्तींचे गंजणे थांबवण्यासाठी तो वापरतात, आणि जपानमध्ये तो ट्रान्सफॉर्मरच्या तेलात आधीपासून होता, वेगळ्याच कारणासाठी: वाहत्या तेलामुळे आत साठणारा स्थिर विद्युतभार कमी करण्यासाठी. बेंझोट्रायझोल हा घन पदार्थ आहे आणि खनिज तेलात तो सहज विरघळत नाही. टोलुट्रायझोलच्या रेणूला लांब हायड्रोकार्बन शेपट्या जोडल्या की ती अडचण जाते. तेलात फिरणारा हा रेणू तांब्यावर पोचला की त्यातला नायट्रोजनचा भाग धातूला घट्ट धरून बसतो आणि पृष्ठभागावर अतिशय पातळ थर तयार होतो. तांब्याच्या भांड्याला केलेली कल्हई जे काम करते तेच हा थर करतो, आणि कल्हईसारखाच तो कायमचा नसतो.

मात्रा साधारणपणे दर किलो तेलाला १०० मिलिग्रॅम. आकडा छोटा वाटतो. ४०,००० लिटर तेलाच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये, तेलाची घनता ०.८८ धरली तर, ३५,२०० किलो तेल होते आणि पॅसिव्हेटर लागतो सुमारे साडेतीन किलो. एवढासा द्रव थेट टाकीत ओतत नाहीत. त्याच ट्रान्सफॉर्मरचे थोडे तेल काढून त्यात सुमारे दहा टक्के प्रमाणाचे मिश्रण करतात, म्हणजे साधारण ३५ किलो, आणि फिल्टर मशीन लावून तेल फिरत असताना ते हळूहळू सोडतात. नंतर सगळे तेल काही वेळा फिरेपर्यंत मशीन चालू ठेवतात. या टप्प्यावर एक गोष्ट सहज निसटते. फिल्टर मशीनचे व्हॅक्युम तेलातले जुने वायू बाहेर काढते. म्हणजे पॅसिव्हेटर टाकण्याच्या आधीचा डीजीए आणि नंतरचा डीजीए यांची थेट तुलना होऊ शकत नाही. तुलनेला आधार म्हणून मशीन बंद केल्यावर एक-दोन दिवसांत घेतलेला नमुना लागतो, आणि तोच बहुतेक ठिकाणी घेतलेला नसतो.

वायू केव्हा येतात? ज्या तेलांत हा परिणाम दिसतो त्यांत तो लवकर दिसतो. तेल गरम आणि त्यात विरघळलेला ऑक्सिजन भरपूर असेल तर पहिल्या काही आठवड्यांत हायड्रोजन चढतो, मग त्याची गती मंदावते आणि पुढे तो स्थिरावतो किंवा उतरू लागतो. उतरण्याचे एक कारण अगदी साधे आहे. हायड्रोजन तेलात फार कमी विरघळतो. २० अंशांना त्याचा विरघळण्याचा गुणांक अवघा ०.०५, तर इथेनचा २.४. उघड्या श्वासाच्या कन्झर्व्हेटरमधून तो सतत निसटत असतो. कार्बन डायऑक्साइडचा गुणांक १ च्या वर असल्याने तो तेलात टिकून राहतो. म्हणूनच सहा महिन्यांनी पाहिले तर हायड्रोजन गेलेला आणि कार्बन डायऑक्साइड मात्र राहिलेला, असे चित्र मिळते. ते पाहणाऱ्याला वाटते की कागद जळतो आहे.

ऑक्सिजनची भूमिका यात निर्णायक आहे. तेच तेल, तेवढाच पॅसिव्हेटर, एका बाटलीत हवेने संपृक्त केलेले आणि दुसरीत नायट्रोजन बुडबुडवून ऑक्सिजन काढलेला. दोन्ही गरम केल्या तर हायड्रोजन आणि कार्बनचे ऑक्साइड पहिल्या बाटलीत ठळकपणे वाढतात, दुसरीत किरकोळ. एएसटीएम डी ७१५० ही चाचणी नेमकी अशीच आहे: १२० अंशांना १६४ तास, एकदा हवेसह, एकदा नायट्रोजनसह. आयईसी ६०२९६ च्या २०२० च्या आवृत्तीतही १०५ अंशांना ४८ तासांची अशी चाचणी आली. कमी तापमानाला, दोष नसताना तेलातून निघणाऱ्या या वायूंना स्ट्रे गॅसिंग म्हणतात. ते पॅसिव्हेटरशिवायही होते. विशेषतः हायड्रोजनच्या प्रक्रियेने खूप शुद्ध केलेल्या काही तेलांत ते दिसते. पॅसिव्हेटरमुळे ते वाढते, पण सगळ्या तेलांत सारखे नाही. काही तेले अजिबात दाद देत नाहीत, काहींत आकडे सर्वसाधारण पातळी ओलांडून जातात. मूळ तेल कोणत्या कच्च्या मालाचे, किती शुद्ध केलेले आणि किती जुने यावर ते ठरते. सिग्रे या वीजक्षेत्रातल्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या कॉपर सल्फाइडवरच्या कार्यगटाने २००९ मध्ये ३७८ क्रमांकाची पुस्तिका काढली, तिच्यातही पॅसिव्हेटरच्या दुष्परिणामांत या वायूंची नोंद आहे.

एवढ्याशा रसायनातून एवढा वायू येईल कसा, असा प्रश्न कामावरचे लोक हमखास विचारतात. हिशेब करून पाहण्यासारखा आहे. इर्गामेट ३९ चा रेणुभार सुमारे ३८६. एका किलो तेलातल्या १०० मिलिग्रॅममध्ये साधारण पाव मिलिमोल रेणू असतात. प्रत्येक रेणूने हायड्रोजनचा एकेकच रेणू दिला असे धरले, तरी एका लिटर तेलामागे साडेपाच मिलिलिटर वायू, म्हणजे ५,५०० पीपीएम होतो. प्रत्यक्षात तसे होत नाही. पण २०० पीपीएम हायड्रोजनसाठी त्यातल्या चार टक्क्यांएवढी अभिक्रियासुद्धा पुरेशी आहे, हे यातून कळते. शिवाय तेल स्वतः ऑक्सिजनशी अभिक्रिया करत असतेच. पॅसिव्हेटर ती साखळी बदलतो, एकटाच वायू पुरवतो असे नाही.

आता अहवालाकडे. समजा, पॅसिव्हेटर टाकल्यावर दोन महिन्यांनी एका ट्रान्सफॉर्मरचा डीजीए आला: हायड्रोजन १८०, मिथेन ८, इथेन ६, इथिलीन १ पेक्षा कमी, ॲसिटिलीन नाही. आयईसीच्या गुणोत्तरांत मिथेन भागिले हायड्रोजन ०.०४ येते, म्हणजे ०.१ पेक्षा कमी. इथिलीन भागिले इथेन ०.२ च्या खाली. तक्ता स्पष्ट सांगतो, पार्शल डिस्चार्ज, म्हणजे इन्सुलेशनमधला आंशिक विद्युत विसर्ग. आता हेच आकडे डुव्हालच्या चौथ्या त्रिकोणात घाला. हा त्रिकोण हायड्रोजन, मिथेन, इथेन यांवर चालतो आणि कमी तापमानाचे दोष वेगळे काढण्यासाठीच बनवलेला आहे. इथेनचा वाटा तीन टक्क्यांच्या आसपास, बिंदू ‘एस’ भागात पडतो, म्हणजे स्ट्रे गॅसिंग. पण इथेन ६ च्या ऐवजी १ आला असता तर त्याचा वाटा एक टक्क्याच्या खाली जाऊन बिंदू थेट पार्शल डिस्चार्जच्या भागात गेला असता. सारा निकाल पाच पीपीएमवर लटकला आहे, आणि इतक्या कमी प्रमाणात दोन चांगल्या प्रयोगशाळांच्या आकड्यांत एवढा फरक सहज पडतो. अशा वेळी त्रिकोणाची रंगीत छापील प्रत अहवालाला जोडून निष्कर्ष काढणे म्हणजे स्वतःची फसवणूक. पहिला, सर्वांना पाठ असलेला डुव्हाल त्रिकोण तर इथे कामाचाच नाही, कारण त्यात हायड्रोजन येतच नाही.

मग ओळखायचे कसे? आकडा एकच असला तरी त्याची वागणूक दोन प्रकारची असते. पॅसिव्हेटरमुळे आलेला हायड्रोजन लवकर चढतो आणि मंदावतो. खऱ्या डिस्चार्जचा चढतच राहतो, बहुधा पायऱ्या-पायऱ्यांनी. पॅसिव्हेटरच्या वायूबरोबर तेलातला विरघळलेला ऑक्सिजन हळूहळू घटताना दिसतो. प्रयोगशाळा ऑक्सिजन आणि नायट्रोजनचे आकडे देतातच, पण अहवाल वाचताना त्या ओळींवर कोणी नजर टाकत नाही. लोडचे नाते तपासावे लागते, पण इथे सावध राहायला हवे. तेल गरम झाले की स्ट्रे गॅसिंगही वाढते, म्हणून चंद्रपूरसारख्या ठिकाणी मे महिन्यात ४५ अंशांच्या पुढे गेलेल्या हवेत वायू चढला तर त्याचे खापर एकट्या लोडवर फोडता येत नाही. कार्बन मोनॉक्साइड वाढला असेल तर तेलातले २-फरफ्युराल मोजतात. कागदाचे सेल्युलोज तुटले तरच ते तयार होते. फरफ्युराल जागच्या जागी आणि मोनॉक्साइड वर, असे असेल तर कागदावर संशय घेण्याचे कारण फार उरत नाही.

ॲसिटिलीनबाबत मात्र तडजोड नाही. पॅसिव्हेटर ॲसिटिलीन देत नाही. तो दिसला, इथिलीन वेगाने चढू लागला, की कारण दुसरीकडे शोधायचे: टॅप चेंजरच्या टाकीतून झिरपलेले तेल, फिल्टर मशीनचा करपलेला हीटर, किंवा खरा दोष. ‘पॅसिव्हेटर टाकला होता ना, मग येणारच’ हे वाक्य हायड्रोजनबद्दल बरोबर असू शकते. तेच वाक्य सगळ्या वायूंना लावण्याची सवय लागली की एखादा खरा डिस्चार्ज त्याआड लपून राहतो. विनाकारण धावपळीपेक्षा हे जास्त धोक्याचे आहे, कारण धावपळीत निदान दुसरा नमुना तरी घेतला जातो.

नमुन्याचीही एक बाजू आहे. डीजीएसाठी तेल काचेच्या सिरिंजमध्ये घेतात, तोंडाला तिहेरी कॉक असतो. आधी व्हॉल्व्हमध्ये साचलेले तेल लिटर-दोन लिटर सोडून द्यायचे, नळी धुवायची, मग दांडा हाताने न ओढता तेलाच्या दाबाने मागे सरकू द्यायचा. बुडबुडा शिरला की हायड्रोजन तेल सोडून त्या बुडबुड्यात जातो, कारण तेलात तो मुळातच नकोसा पाहुणा. उलट, व्हॉल्व्हमधले शिळे तेल घेतले तर कधी हायड्रोजन अवाजवी जास्त येतो, कारण जस्त चढवलेल्या लोखंडाच्या फिटिंगशी पाण्याचा अंश अभिक्रिया करून तो तिथेच तयार झालेला असतो. वरच्या आणि खालच्या व्हॉल्व्हमधून दोन नमुने घेतले की ही शंका मिटते. पॅसिव्हेटरचा हायड्रोजन सगळ्या टाकीत सारखा असतो, फिटिंगचा त्या कोपऱ्यापुरता.

याहून खात्रीची परीक्षा प्रयोगशाळेत होते. त्याच ट्रान्सफॉर्मरचे तेल आणून, वायू काढून टाकून, ते हवेसह आणि नायट्रोजनसह गरम करतात. बाटलीत ना वाइंडिंग आहे ना व्होल्टेज. तिथेही हायड्रोजन तसाच वाढला तर तो तेलाचा. एक फेरी झाल्यावर तेच तेल पुन्हा वायुमुक्त करून तापवले की दुसऱ्या वेळी आकडा बहुधा कमी येतो, कारण अभिक्रियेला लागणारा माल संपत जातो. या चाचणीचा खर्च ट्रान्सफॉर्मर एक दिवस बंद ठेवण्याच्या खर्चाच्या तुलनेत नगण्य आहे. तरी ती शेवटचा पर्याय म्हणूनच केली जाते. खरे तर ती पॅसिव्हेटर टाकण्याच्या आधी करायला हवी: तेलाचा छोटा नमुना, त्यात ठरलेली मात्रा, आणि मग वायू मोजणे. कोणत्या तेलाकडून काय अपेक्षा ठेवायची हे मग आधीच कागदावर असते.

नव्या ट्रान्सफॉर्मरबाबत हाच प्रश्न कारखान्यात उभा राहतो. तापमानवाढीच्या चाचणीत यंत्र कित्येक तास पूर्ण भारावर चालवतात आणि आधी-नंतर डीजीए करतात. तेलात पॅसिव्हेटर असेल तर या चाचणीत हायड्रोजन दिसू शकतो, आणि ग्राहकाचा तपासनीस समोर उभा असताना तो समजावून सांगणे सोपे नसते. त्यातच पॅसिव्हेटरचा आणखी एक गुण तेलाचे मूल्यमापन अवघड करतो. आयईसी ६११२५ च्या ऑक्सिडेशन चाचणीत तेलाला १२० अंशांना तांब्याच्या सान्निध्यात तापवतात; तांबे तिथे उत्प्रेरक असते. पॅसिव्हेटर त्या तांब्यालाच निष्क्रिय करतो, म्हणून मध्यम प्रतीचे तेलही चाचणीत उत्तम दिसते. गंधकाच्या चाचण्यांतही तसेच: तेल उत्तीर्ण होते, पण त्यातले डीबीडीएस आहे तिथेच असते. म्हणून आयईसी ६०२९६ ने तेलात पॅसिव्हेटर असल्यास तो जाहीर करणे बंधनकारक केले. जाहीर केला नसेल तर तो किलोमागे ५ मिलिग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे मोजता न येण्याइतका, असला पाहिजे. भारतात आयएस ३३५ ची २०१८ मधली आवृत्ती याच चौकटीत आली. खरेदीच्या निविदेत ही ओळ वाचून घेणारा अभियंता पुढची बरीच कटकट वाचवतो.

टाकलेला पॅसिव्हेटर तसाच राहत नाही. सुरुवातीला तांब्यावर आणि कागदावर बसल्याने तेलातले प्रमाण पटकन घटते, पुढे घट संथ होते. तेल आधीच आम्लयुक्त, जुने झालेले असेल तर तो फार वेगाने संपतो. अशा तेलात तो टाकण्यात फारसा अर्थ नाही, आणि वायूंचा त्रास मात्र पदरात पडतो. आयईसी ६०४२२ नुसार ७० मिलिग्रॅमच्या वर आणि स्थिर असेल तर प्रमाण चांगले; ५० च्या खाली आणि वर्षाला १० हून अधिक घटत असेल तर वाईट. म्हणजे वर्षातून एकदा तरी ते मोजले पाहिजे. कमी झाले की पुन्हा मात्रा देतात, आणि दुसऱ्या मात्रेनंतर हायड्रोजन पुन्हा चढू शकतो. डीजीएच्या आलेखावर मात्रेची तारीख आणि त्या-त्या वेळचे पॅसिव्हेटरचे प्रमाण लिहिलेले नसेल, तर तीन वर्षांनी बदलून आलेल्या अभियंत्याला तो उंचवटा निव्वळ दोषच वाटतो.

मुलतानी मातीसारख्या शोषकातून तेल काढून त्याचे पुनरुज्जीवन केले की आम्ल आणि गाळाबरोबर पॅसिव्हेटरही निघून जातो, तेलाचे ऑक्सिडेशन रोखणारा इनहिबिटरसुद्धा. तांबे पुन्हा उघडे पडते. शोषक डीबीडीएससाठी खास निवडलेला नसेल तर गंधक मात्र तेलातच राहते, आणि मग तेल जितके गरम, तितक्या वेगाने कागदावर सल्फाइड पुन्हा बसू लागते. म्हणून अशा कामाच्या शेवटी डीबीडीएस मोजून, गरज असेल तर त्याच दिवशी नवी मात्रा देतात, मशीन थांबल्यावर आधाराचा डीजीए घेतात, आणि पुढचे तीन महिने महिन्याला एक नमुना ठेवतात. त्या तीन अहवालांत हायड्रोजनची चढण मंदावत असेल आणि ॲसिटिलीन नसेल, तर नमुन्यांचे वेळापत्रक पुन्हा नेहमीचे करता येते.